गोष्ट साठवायची ती हुंकारासकट

पुण्यात सहकारनगरच्या आमच्या घराचा वरचा मजला तीन वर्षं घानाच्या एका कुटुंबाकडे होता. नवरा विद्यापीठात पीएचडी करत होता, बायको कुमासी शहरातली, आणि मुलगा आला तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. पोरगा बुधवारचा. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून एक नाव असतंच. बुधवारच्या मुलाला क्वाकू म्हणतात. त्यांच्या गोष्टींत जो लबाड कोळी असतो, तोही क्वाकू अनान्से. आपल्या वाराचा एक कोळी आहे एवढं पोराला ठाऊक होतं. गोष्ट मात्र एकही येत नव्हती. त्याची आजी कुमासीत होती आणि तो इथे, माझ्या जिन्यात बसून बालवाडीतली मराठी गाणी म्हणत होता.

माझा नातू टोरोंटोला. त्याची तऱ्हा तीच, फक्त दिशा उलटी. चिऊताई त्याला माहीत होती. तिचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, हे पाठही होतं. पण मेण आणि शेण यांतलं पावसात वाहून काय जातं, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

मी बत्तीस वर्षं बालवाडी चालवली. रोज एक तरी गोष्ट सांगितली. म्हणून मला वाटलं होतं, आज्यांचे आवाज टिपायचे, पाठवून द्यायचे, झालं. पहिल्या सहा महिन्यांत कळलं की तसं होत नाही. वरच्या मुलीने, म्हणजे पोराच्या आईने, (मी तिला मुलगीच म्हणायचे, ती मला काकू) आणि मी मिळून जे चुकतमाकत शिकलो ते इथे लिहिते. तुमची आजी जुन्नरची असो की कुमासीची, रीत तीच लागू पडते.

गोष्ट मागू नका, चुकीची सांगा

माझी आत्या सत्त्याऐंशीची, जुन्नरकडची. "आत्या, एखादी गोष्ट सांग ना," म्हटलं की ठरलेलं उत्तर: "मला कुठे येतात गं आता!" कुमासीच्या आजीचंही तेच. मोबाइल समोर धरला की दोघी परीक्षेला बसल्यासारख्या गप्प.

मग मी आत्यासमोर सूपभर पावट्याच्या शेंगा ठेवल्या, स्वतः सोलायला बसले आणि सहज म्हणाले, "ती म्हातारी भोपळ्यात बसूनच लेकीकडे जाते ना?" आत्याचा हात थांबला. "अगं, जाताना चालत जाते! येताना भोपळ्यात. जाताना वाघ भेटतो तेव्हा काय म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." पुढची सगळी गोष्ट शेंगा संपेपर्यंत अखंड आली. त्यात वाघानंतर कोल्हा होता, आणि भोपळ्याला काजळाची तीट लावलेली होती. ही तीट मी कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती.

म्हातारी माणसं आठवायला सांगितलं की आठवत नाहीत, पण चूक ऐकवत नाही. हात कामात असले तर आणखी बरं. निवडणं, सोलणं, वाती वळणं, काहीही. प्रश्नही गोष्टीचा न विचारता जागेचा विचारावा: कुठे बसून ऐकायचीस, शेजारी कोण असायचं, दिवा कुठे असायचा. जागा आली की मागून गोष्ट येते.

वेळ कोणाची धरायची

अनान्सेच्या गोष्टी दिवसाउजेडी सांगायच्या नाहीत, असा त्यांच्याकडे जुना दंडक आहे. कुमासीची आजी तो पाळणारी. पोराची झोपायची वेळ रात्री नऊ, तेव्हा कुमासीत दुपारचे साडेतीन. आजी फोनवर यायची, जेवलास का विचारायची, गोष्टीचं नाव काढलं की म्हणायची, ऊन आहे. तिथे बारा महिने सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले. चार वर्षांच्या मुलाला तोवर जागं कोण ठेवणार?

पोराच्या आईचं मत होतं की आजीने जुना नियम सोडावा. मी नको म्हटलं. रात्र हा त्या गोष्टीचाच भाग आहे, तो आपण का काढायचा? शेवटी तोड अशी निघाली: कुमासीत रात्री, अंगणात, पोराची मामेभावंडं भोवती बसवून आजीने सांगायचं, मामाने टिपायचं, आणि दुसऱ्या दिवशी रात्री इथे दिवा मालवून ऐकायचं. दोन्हीकडे रात्रच.

टोरोंटोशी माझं गणित वेगळं. नातवाचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात माझे पहाटेचे साडेपाच आणि तिथली घड्याळं मागे गेली की साडेसहा. मी आंघोळीआधी गोष्ट सांगते. आठवड्यातून दोनच दिवस, पण ते दोन दिवस चुकवत नाही. रोजचं ठरवून मोडण्यापेक्षा हे बरं.

टिपताना समोर ऐकणारा हवाच

सगळ्यात महत्त्वाचं हेच. पहिल्यांदा आजीने एकटीने फोनसमोर बसून एक गोष्ट सांगितली होती. चार मिनिटांची. पोराने एकदा ऐकली, पुन्हा मागितली नाही. तीच गोष्ट अंगणात भावंडांसमोर सांगितली तेव्हा बावीस मिनिटं चालली.

फरक कशाचा? अकान गोष्टीत मधेच कुणी श्रोता उठून गाणं धरतो आणि बाकीचे साथ देतात. या गाण्याला मोगुओ म्हणतात. सांगणारी थांबते, गाणं होतं, गोष्ट पुढे सरकते. फोनसमोर एकटं बसलं की गाणं धरणार कोण? स्वाहिली बोलणाऱ्यांकडे सांगणारा "पाउक्वा!" म्हणतो आणि पोरं "पाकावा!" म्हणून ओरडतात, तेव्हा कुठे गोष्ट सुरू होते. झुलू आजी "क्वासुकासुकेला" म्हणते, मुलं "चोसी" म्हणतात. आपल्याकडे "हूं" म्हणतात. हुंकार थांबला की सांगणारी विचारते, "झोपलास का रे?" श्रावणातली कहाणी घेऊन बसलं की हातात तांदळाचे दाणे धरून ऐकणारं कुणीतरी समोर लागतंच.

म्हणून टिपताना एक लहान मूल जवळ बसवा. स्वतःचं नसेल तर शेजारचं. तेही नसेल तर तुम्ही हुंकार भरा, आणि मोठ्याने भरा. पुढे परदेशातलं मूल ते ऐकतं तेव्हा त्याला आपण कुठे बोलायचं हे त्या हुंकारातून कळतं. दुसऱ्या महिन्यात वरच्या मजल्यावरून रात्री गाण्याचा आवाज यायला लागला. कुमासीतली पोरं फोनमधून गात होती आणि हा इथून त्यांना साथ देत होता.

आता यंत्राचं थोडक्यात. साधा मोबाइल पुरतो. विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन वाघाच्या तोंडी कुणाचा तरी फोन येतो. पंखा बंद. मे महिन्यात हे अवघड जातं, म्हणून पहाट गाठा. मोबाइल टेबलावर उघडा ठेवू नका, घडी केलेल्या पंच्यावर ठेवा, म्हणजे हाताचे धक्के त्यात उतरत नाहीत. सांगणारीपासून एक हात अंतर. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली चांगली, रिकामी खोली घुमते. चिमण्या, भांडी, लांबची घंटा येऊ देत. कुकर मात्र आधी उतरवा.

सुरू करताना मोठ्याने बोला: आज तारीख काय, जागा कोणती, सांगणारी कोण, तिने ही गोष्ट कोणाकडून ऐकली. वेगळ्या वहीत लिहिलेलं हरवतं, आवाजात बोललेलं आवाजासोबतच राहतं. फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, दिवस, सांगणारीचं नाव, गोष्टीचं नाव. असं केलं की त्या आपोआप ओळीने लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आवाज दाबला जात नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप ही साठवणीची जागा नव्हे. आत्याचे अकरा तुकडे माझ्याकडे फक्त तिथे होते. फोन पाण्यात गेला, दुरुस्तीवाल्याने तो सुरू करून दिला, पण आतलं सगळं पुसलेलं होतं. आत्या तोवर गेलेली होती. भोपळ्याची तीट मी लिहून ठेवली होती म्हणून राहिली, तिचा आवाज नाही राहिला. तेव्हापासून तीन जागी ठेवते: लॅपटॉपवर, हार्ड डिस्कवर आणि गूगल ड्राइव्हवर. हार्ड डिस्क दर पाडव्याला उघडून दोन-चार फाइल वाजवून बघते.

शब्द बदलू नका, वस्तू दाखवा

परदेशातल्या मुलाला कळावं म्हणून आपण घाईने शब्द बदलतो. शेणाचं घर मातीचं करतो, तीट लावण्याचं पावडर करतो. असं केलं की मुलाला विचारायला काही उरत नाही. गोष्टीत दोन-तीन शब्द न कळणारे राहू द्यावेत. मूल त्यांच्यापाशी अडतं, विचारतं, आणि तिथेच बोलणं सुरू होतं.

वस्तू दाखवता आली तर उत्तमच. अनान्सेची एक मोठी गोष्ट आहे. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशातल्या न्यामे देवाकडे असतात आणि अनान्से त्या विकत मागतो. देव किंमत सांगतो: ओनिनी नावाचा अजगर, ओसेबो नावाचा बिबट्या, गांधीलमाश्या आणि म्मोआतिया ही वनातली परी. हे सगळं पकडून आण. अनान्सेची बायको, आसो, त्याला युक्त्या सांगते. गांधीलमाश्यांसाठी तो भोपळ्यात पाणी भरतो, थोडं स्वतःवर आणि थोडं त्यांच्यावर शिंपडतो आणि म्हणतो, पाऊस आला, या माझ्या भोपळ्यात शिरा. त्या शिरल्या की तोंड बंद.

पोर विचारत होतं, भोपळ्यात माश्या कशा मावतील? त्याने मंडईतला लाल भोपळा पाहिलेला. मी माझा तंबोरा खाली घेतला. हा भोपळाच, वाळवून पोकळ केलेला. त्याने बोटांनी वाजवून पाहिला, कान लावला. पुढचे कित्येक दिवस त्या तंबोऱ्यात गांधीलमाश्या राहत होत्या. परीला पकडायला अनान्से कंद कुटून चिकट बाहुलीच्या हातात ठेवतो. त्या कंदाच्या जातीचंच आपलं कोनफळ. थंडीत मंडईत मिळतं. उकडून कुस्करलं आणि दोघांनी खाल्लं.

टोरोंटोला मी मेणाच्या वडीचा एक तुकडा पाठवला. शेण पाठवता येत नाही, म्हणून लेकीने बागेतल्या चिखलाचं एक घर केलं, मेणाचं एक, आणि अंगणात दोन्हींवर झारीने पाऊस पाडला. नातवाने फोनवर ओरडून सांगितलं, "आजी, काऊचं गेलं!"

कथानकाला कात्री लावू नका

आपल्या कहाण्यांत आवडती-नावडती असते, नावडतीला गोठ्यात ठेवतात. अनान्से तर उघडउघड फसवतो आणि खादाडपणाही करतो. आजकालच्या आयांना हे खटकतं, आणि त्यांची काळजी मला समजते. माझं मत असं: टिपलेल्या आवाजाला अजिबात हात लावायचा नाही, आजीने सांगितलं तसंच ते राहील. आपण स्वतः सांगताना काय सांगायचं, कधी सांगायचं, हे मुलाचं वय बघून ठरवावं. नावडतीची कहाणी मी सहा वर्षांच्या नातवाला अजून सांगितलेली नाही. दहाव्या वर्षी सांगेन.

अनान्सेच्या बाबतीत मात्र मी वरच्या मुलीला स्पष्ट सांगितलं, त्याला सज्जन करू नकोस. तो लहान आहे, दुबळा आहे, त्याच्याकडे फक्त डोकं आहे. आणि तेही कधीकधी कमी पडतं. एका गोष्टीत तो जगातलं सगळं शहाणपण मडक्यात कोंडतो आणि झाडावर लपवायला निघतो. मडकं पोटाशी बांधलेलं, त्यामुळे चढता येत नाही. त्याचा मुलगा, न्तिकुमा, खालून म्हणतो, बाबा, पाठीला बांधा ना! मुलाकडे हे शहाणपण कुठून राहिलं, या रागात मडकं निसटतं, फुटतं, आणि शहाणपण सगळ्यांकडे पांगतं. ही गोष्ट ऐकताना पोराचा चेहरा बघण्यासारखा असायचा. गोष्टीत तोच शहाणा होता!

हा कोळी तगला तो याच गुणांवर, असं मला वाटतं. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांबरोबर तो अटलांटिक ओलांडून गेला. त्यांच्याजवळ ना पोथी ना सामान. तरी जमैकात अनान्सी राहिला, सुरिनाममध्ये राहिला, कुरासाओ बेटावर त्याचं नान्झी झालं. अकान सांगणारा सुरुवातीला म्हणतो, आम्ही सांगतो ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही, म्हणणं नाही. जमैकात गोष्ट संपली की सांगणारा "जॅक मँडोरा" अशी हाक घालून म्हणतो, मी यातलं काही निवडलेलं नाही. मला ही दोन वाक्यं सख्खी भावंडं वाटतात, एक दाराशी उभं, एक परसात.

सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य म्हणूनच कधी गाळू नका, कितीही घाई असो. "आटपाट नगर होतं" आणि "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण". मुलाला अर्थ नाही कळला तरी चालेल. माझ्या नातवाला मराठीत अख्खं वाक्य बोलताना अजून अडखळायला होतं, पण सुफळ संपूर्ण तो एका दमात म्हणतो.

फोनवर सांगताना

आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. त्यामुळे दोघांनी एकदम म्हणायला जाऊ नका, टाळ्याही एकदम नकोत, सगळं विस्कटतं. आळीपाळीने म्हणा. मी म्हणते, "म्हातारी, म्हातारी, कुठे चाललीस?" आणि गप्प बसते. "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" हे त्याचं काम, ते मी कधीच म्हणत नाही. तो म्हणेपर्यंत भोपळा हलत नाही. एकदा पूर्ण पंधरा सेकंद थांबले, लेक मागून खुणावत होती की सांग ना पुढे. मी नाही सांगितलं. त्याने म्हटलं.

नव्या नव्या गोष्टींचा मारा करू नका. वर्षाला पाच-सहा पुरतात. तीच तीच सांगा. मूल स्वतः सांगायला लागलं की मधे सुधारू नका, अर्ध्या शब्दांना इंग्रजी लागलं तरी. आणि ते टिपून ठेवा, आजीच्या फाइलशेजारीच. माझ्या नातवाच्या गोष्टीत वाघाच्या आधी एक रकून भेटतो. राहू दे. तिथे तोच भेटतो.

लिहिताना, आणि नाव घालताना

ऐकून उतरवताना बोली तशीच ठेवा. आत्या "मंग" म्हणायची तर "मंग"च लिहा. दुसऱ्या भाषेत अर्थ द्यायचा असेल तर मूळ एका पानावर, अर्थ समोरच्या पानावर. रॅट्रे या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३० साली अकान गोष्टींचं पुस्तक काढलं, त्यात अकान लोकांच्या ट्वी भाषेतलं मूळ आणि इंग्रजी असं समोरासमोर छापलं. म्हणून आज ट्वी वाचणाऱ्याला सांगणाऱ्यांचे शब्द सापडतात.

सांगणारीचं नाव घाला. पुण्याजवळ याचं मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि गाणाऱ्या बायांची नावं आणि गावं त्यांच्याबरोबर नोंदली. आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या) संकेतस्थळावर ओवी ऐकताना ती कुणी गायली ते कळतं. त्याच्याही खूप आधी, १८६८ साली, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या फ्रियर यांच्या मुलीने, मेरीने, दख्खनच्या गोष्टींचं पुस्तक लंडनला छापलं. गोष्टी सांगितल्या होत्या तिच्याकडे कामाला असलेल्या आयाने, ॲना लिबेराता डिसूझाने, आणि तिने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. मेरीने ॲनाचं नाव घातलं, तिची स्वतःची हकिगतही तिच्या तोंडून छापली. नाहीतर आज त्या आजीपर्यंत कोण पोचलं असतं?

आणि विचारा. घराबाहेर ऐकवू का, इंटरनेटवर टाकू का, हे सांगणारीला विचारा आणि तिचं उत्तरही टिपा. कुमासीची आजी म्हणाली, गोष्टी सगळ्यांच्या, पण मधली दोन गाणी आमच्या घरची, ती बाहेर नको. ती दोन गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत.

एक शेवटचं, टिपण्याबद्दलच. गोष्ट संपली की लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या. आजीची गोष्ट त्यांच्या रीतीने संपते: ही माझी गोष्ट, गोड लागो न लागो, थोडी कुठे घेऊन जा, थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. मामा तिथेच बटण दाबायचा. एकदा विसरला. त्या फाइलमध्ये पुढे एक मोठा श्वास आहे, खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, आणि मग आजी, गोष्टीच्या आवाजात नव्हे, आपल्या रोजच्या आवाजात, फोनकडे वळून पोराचं नाव घेऊन विचारते: तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का रे? गेल्या जूनमध्ये ती मंडळी परत गेली, पेनड्राइव्हवर सगळं भरून दिलं. पोराने जाण्याआधी सर्वांत जास्त वेळा वाजवलेली फाइल तीच होती, आणि दर वेळी तो खिडकीकडे बघून उत्तर द्यायचा.